गुडघ्यातल्या पाण्याची कुल्फी

बीबी गावाच्या बसस्टँडसमोर माझी रक्त तपासायची लॅब आहे. लॅब म्हणजे शटरचा एक गाळा, एक फ्रिज, एक सूक्ष्मदर्शक, दोन खुर्च्या आणि भिंतीवर काच लावून टांगलेलं माझं लॅब टेक्निशियनचं, डीएमएलटीचं सर्टिफिकेट. गावात मला 'डॉक्टर' म्हणतात. मी डॉक्टर नाही, हे सुरुवातीला मी सांगत असे. मग सांगणं कमी केलं. मग बंदच केलं.

माझ्या फजितीचे किस्से मी स्वतःच सांगून टाकतो, दुसऱ्या कुणी सांगायच्या आत. एकदा बाजाराच्या दिवशी एक गृहस्थ बोटाला जिलबीचा पाक तसाच ठेवून साखर तपासायला आले. मी बोट पुसलं नाही, सरळ टोचलं. यंत्राचा आकडा पाहून मी त्यांना असं काही गंभीर समजावलं, की ते तडक घरी गेले आणि दोन्ही मुलांना समोर बसवून शेताची वाटणी तोंडी करून मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी हात धुऊन तपासलं तर साखर माझ्यापेक्षा चांगली. मुलांनी मात्र वाटणी परत घेऊ दिली नाही. हा किस्सा मी चहाच्या टपरीवर कितीतरी वेळा रंगवला आहे, आणि दर वेळी दोन जिलब्या वाढवल्या आहेत.

पुतणीच्या गुडघ्याची गोष्ट मात्र त्या टपरीवर कधी निघाली नाही. ती सांगताना हसू येतं, आणि हसू आलं की मला माझाच राग येतो.

माझा थोरला भाऊ हिवरा आश्रमजवळ भाजीपाला करतो. वांगी, मिरची आणि सांबार, म्हणजे बाहेरचे लोक जिला कोथिंबीर म्हणतात ती. दहावीनंतर त्यानं शेत धरलं आणि मला शिकू दिलं. त्यामुळं मी तोंडातून काही काढलं, की दादाच्या लेखी ते छापून आल्यासारखं. वांग्यावर कोणती फवारणी करायची, तेही तो मला फोन करून विचारायचा. मला रक्तातलं थोडं कळतं, किडीतलं काही कळत नाही. पण विचारलं की मी सांगायचो.

त्याची मुलगी पाच वर्षांची असताना सकाळी उठल्यावर लंगडायला लागली. दुपारपर्यंत पाय मोकळा व्हायचा आणि मग ती वांग्यांच्या सऱ्यांमधून अशी पळायची, की सकाळचं लंगडणं सोंग वाटावं. उजवा गुडघा सुजलेला, पण लाल नाही, ताप नाही. वहिनींनी फोन केला, मी म्हटलं घेऊन या. माझ्याकडे वाताची तपासणी होती ती केली. निगेटिव्ह आली. मी खुर्चीत मागं रेलून सांगितलं की वात नाही, कुठं पडली असेल, आणि वात तर म्हाताऱ्यायले होते.

वहिनी म्हणाल्या, "पडली असती तर दिवसभर लंगडली असती ना भाऊजी. सकाळीच काऊन लंगडते?"

हा प्रश्न एखाद्या डॉक्टरनं विचारावा असा होता. मी तो हसून सोडून दिला. लेकरांच्या संधिवातात माझी ती तपासणी बहुतेक वेळा निगेटिव्हच येते, हे मला पुढं कळलं. तोवर दोन महिने त्या गुडघ्याला तिळाच्या तेलानं मालिश झाली.

शेवटी वहिनीच मला न विचारता तिला मेहकरला घेऊन गेल्या. तिथं लहान मुलांच्या एका दवाखान्यात महिन्यातून एका शनिवारी संभाजीनगरहून मुलांच्या सांध्यांच्या डॉक्टरबाई येत. पहिल्या भेटीत त्यांनी काही तपासण्या लिहून दिल्या आणि पुढच्या महिन्यात गुडघ्यातलं पाणी काढायचं ठरवलं. त्या दिवशी मीही गेलो. बोलावलं कुणी नव्हतं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, अशा थाटात जाऊन मी दादाच्या पुढच्या खुर्चीत बसलो.

बाई हळू आवाजात बोलायच्या, आणि माझ्याशी नाही, दादाशी. म्हणाल्या की हा लहान मुलांचा संधिवात आहे; अंगाची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशीच चुकून सांध्यावर उलटतात. पोरीच्या गुडघ्यातलं पाणी काढायचं आणि लगेच त्याच सुईनं आत औषध सोडायचं. काढलेल्या पाण्यातल्या पेशी त्यांना तपासून हव्या होत्या. दादानं विचारलं, पेशीत काय पाहता? तेव्हा त्यांनी दादालाच उलट विचारलं, तुमच्याकडे जनावरं आहेत का?

"हाव, दोन बैल अन् एक गाय."

"त्यांच्या कानात पिवळा बिल्ला आहे ना? तसेच या पेशींच्या अंगावर बिल्ले असतात. दिसायला सगळ्या सारख्या, पण बिल्ल्यावरून कळतं कोणती पेशी कोणत्या कामाची. यंत्र रंगीत उजेडात ते बिल्ले मोजतं. कोणत्या जातीच्या पेशी किती, त्यावरून थोडा अंदाज येतो, की हा आजार एका गुडघ्यापुरता राहील की पुढं दुसऱ्या सांध्यांत जाईल."

दादाला एका वाक्यात समजलं. मला समजलं नव्हतं. माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशींच्या पाच जाती दिसतात आणि त्या पाचांवर माझं घर चालतं. पेशीच्या अंगावर बिल्ले असतात, हे मी कॉलेजात एकदा ऐकलं होतं आणि परीक्षेत येणार नाही म्हणून सोडून दिलं होतं. पण मी अशी मान हलवली, की जणू ते बिल्ले मीच ठोकले होते.

बाईंनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, औषध आत गेलं की पेशींचं चित्र बदलतं, म्हणून हा नमुना एकदाच मिळणार. अंदाज काही पक्का नसतो, हे शास्त्र अजून अभ्यासातच आहे, पण आजार पसरणारा वाटला तर आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या आधीच सुरू करता येतील. आणि दुसरी गोष्ट सांगताना त्यांनी पोरीची हनुवटी हातानं वर उचलली. म्हणाल्या, या आजारात डोळा जाऊ शकतो. दुखत नाही, लाल होत नाही, आतल्या आत बिघडतो. दर तीन महिन्यांनी डोळ्याच्या डॉक्टरला दाखवायचंच, ती कितीही चांगली दिसली तरी.

बिल्ले मोजायचं यंत्र संभाजीनगरला होतं. दवाखान्याचा नमुने नेणारा माणूस त्या दिवशी रजेवर होता. मी लगेच म्हटलं, मी नेतो, आपलं रोजचंच काम आहे. पाणी काढून, औषध सोडून झाल्यावर बाईंनी हिरव्या झाकणाची नळी माझ्या हातात दिली आणि सांगितलं, की हिला तापू द्यायचं नाही आणि थंडही करायचं नाही, पेशी जिवंत पोचल्या पाहिजेत, संध्याकाळच्या आत. मी त्यांचं वाक्य पुरं होऊ न देताच 'हो मॅडम, कल्पना आहे' म्हणालो. फॉर्मवर फोन नंबरही माझाच लिहिला. दादाचा नंबर देऊन काय उपयोग, त्याला काय कळणार, असं मी त्याच्यासमोरच म्हणालो आणि त्यानंही मान डोलावली.

मे महिना होता. एसटीच्या पत्र्यावर हात ठेवला तर चटका बसावा. नळी रिकाम्या थर्मासात कापसात ठेवून मी थर्मास मांडीवर धरला होता. खिडकीतून येणारी हवा भट्टीवरून आल्यासारखी. सुलतानपूर येईपर्यंत माझा स्वतःचाच जीव कासावीस झाला होता, तर पेशींचं काय, असा विचार माझ्या मनात आला. आयुष्यात पहिल्यांदाच मी पेशींविषयी एवढ्या मायेनं विचार करत होतो.

बीबीला बस दहा मिनिटं थांबते. खाली उतरलो तर समोर रसवंती. रसवंतीवाल्यानं विचारलं, "डॉक्टर, काय घेऊन चालले?" तासाभरापूर्वी फॉर्मवर वाचलेला शब्द मी मोठ्यानं वापरला. म्हटलं, सेल मार्कर. पेशींवरच्या खुणा. लय नाजूक काम असते. चार माणसं जमली. एकानं विचारलं, हे गरमीत खराब नाही होणार? आता एवढ्या लोकांसमोर डॉक्टरनं काहीतरी करून दाखवायला नको का? बाईंचं बोलणं मला आठवत होतं, विसरलो नव्हतो. पण मला वाटलं, त्या पंख्याखाली बसून बोलल्या, त्यांना या बसमधलं काय माहीत. आणि माझ्या धंद्याची इतक्या वर्षांची सवय एकच: नमुना म्हटलं की बर्फ. मी रसवंतीवाल्याकडून कुटलेला बर्फ घेतला आणि थर्मास गळ्यापर्यंत भरला. तेवढ्यानं भागलं असतं तरी एक वेळ ठीक. त्याच्या टेबलावर रसात टाकायचं मीठ होतं. लहानपणी घरी कुल्फी करताना आई डब्याभोवतीच्या बर्फात खडेमीठ टाकायची, गारवा धरून राहतो म्हणून. मी दोन मुठी मीठ टाकलं. जमलेल्या लोकांना त्यामागचं शास्त्रही समजावलं.

शास्त्र बरोबर होतं. मिठानं बर्फाचा गारवा इतका वाढतो, की आतलं दूध गोठतं. गुडघ्यातलं पाणीही गोठतं.

संभाजीनगरच्या लॅबमधल्या मुलीनं थर्मास उघडला, नळी काढली आणि तिरकी केली. आतलं काही हललं नाही. तिनं पुन्हा तिरकी केली.

"हे गोठलंय," ती म्हणाली.

"हो, थंडच आणलं," मी म्हणालो. माझ्या आवाजात अभिमान होता, हे लिहिताना आजही कान गरम होतात.

 बघते, म्हणाली ती. दुसऱ्या दिवशी फोन आला, की पेशी फुटल्या आहेत, मोजता येणार नाहीत, पुन्हा नमुना मिळेल का? मिळणार नव्हता. औषध गुडघ्यात गेलं होतं. थोड्या वेळानं डॉक्टरबाईंचा फोन आला. त्या रागावल्या असत्या तर मी कदाचित सुधारलो असतो. पण त्या म्हणाल्या, झालं ते झालं, आता अंदाज नाही म्हणजे लक्ष जास्त ठेवावं लागेल. दर महिन्याला दाखवा, आणि डोळ्याची तपासणी अजिबात चुकवू नका, एवढं घरी नीट सांगा. मी म्हणालो, सांगतो.

संध्याकाळी दादाचा फोन.

"काय म्हणते बे रिपोर्ट?"

मागं पोरीच्या पळण्याचा आवाज येत होता. औषधानं गुडघा उतरला होता, आणि वहिनी तिला ओरडत होत्या, की आज तरी सुधी बस. मला सांगायचं होतं. 'दादा, मी घाण केली' एवढंच वाक्य होतं, पाच शब्दही नाहीत.

"चांगला हाय," मी म्हणालो.

"म्हंजे पसरणार नाही?"

"नाही पसरणार."

तिकडून त्यानं नाक ओढल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी त्यानं एसटीच्या ड्रायव्हरबरोबर माझ्यासाठी पिशवीभर वांगी पाठवली, कोवळी, निवडून काढलेली. ती मी खाल्ली.

मी ठरवलं होतं, की आठवड्यात खरं सांगून टाकू. खोटं बोलणाऱ्या माणसाचा आठवडा फार लांब असतो. पहिल्या महिन्यात पेरणी आली आणि दादानं फोन करून विचारलं, मेहकरले जायचं काय, रिपोर्ट तर चांगला हाय. मी 'जा' म्हणायला हवं होतं. 'जमलं तर पाहा' म्हणालो. डोळ्याचं त्यानं विचारलं, तेही 'पाहू पुढं' म्हणालो. कारण ते गेले असते तर बाईंनी गोठलेल्या नळीचा विषय काढला असता. दवाखान्यातून दोनदा विचारणा झाली, माझ्याच फोनवर. एकदा मी म्हणालो ते लग्नाला गेलेत, एकदा म्हणालो पुढच्या वेळी नक्की. डोळ्याचं मला आठवत नव्हतं असं नाही. तिची उचललेली हनुवटी डोळ्यांसमोर यायची. मग मी स्वतःला समजवायचो, की पोरगी धडधाकट पळते, तिला काय होणार. स्वतःला समजवायची कला मला चांगली साधली होती. रोज गिऱ्हाइकांवर सराव होत होता.

दिवाळीला मी हिवऱ्याला गेलो. वहिनी पोरीला उटणं लावत होत्या. तिचं तोंड उजेडाकडं धरून त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, हिच्या डोयाची बाहुली पाहा बरं. गोल नाही दिसून राह्यली."

मी वाकून पाहिलं. डाव्या डोळ्याची बाहुली किडीनं कडेला कुरतडलेल्या पानासारखी झाली होती. मी तिचा उजवा डोळा हातानं झाकला आणि विचारलं, किती बोटं? तिनं हसून 'तीन' म्हटलं. मी बोटं वर केलीच नव्हती. मग माझं लक्ष तिच्या पायाकडं गेलं. डावा घोटा सुजला होता.

पुढच्या शनिवारची वाट न पाहता आम्ही संभाजीनगर गाठलं. डॉक्टरबाईंनी तिला तपासलं, आणि मग एवढे महिने का आला नाहीत म्हणून विचारलं. दादा म्हणाला, मॅडम, तो पेशीचा रिपोर्ट चांगला आला होता ना.

"कोणता रिपोर्ट?" बाई म्हणाल्या. "तो नमुना तर…" आणि त्या थांबल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, क्षणभरच. मग फाइलकडं पाहत म्हणाल्या, "त्याचा रिपोर्ट आला नव्हता. मी फोनवर सांगितलं होतं."

दादा माझ्याकडं वळला. त्याच्या तोंडावर राग नव्हता, काळजी होती. माझ्याविषयी. "तुले त्या लॅबवाल्यायनं चुकीचं सांगतलं काय बे?"

त्यानं मला पळायला दार उघडून दिलं, आणि मी पळालो. म्हणालो, हाव, तसंच काही झालं असन.

 पोरीला डोळ्याच्या दवाखान्यात आत नेलं, दादा कागद करायला खिडकीशी उभा राहिला, तेव्हा वहिनी बाकावर माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"फोन तुमच्याच नंबरवर येत होता ना भाऊजी?"

"हाव."

"मंग?"

मी सगळं सांगितलं. बस, रसवंती, जमलेली माणसं, लॅबमधली मुलगी, दादाचा फोन, वांगी. त्या रडल्या नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "अन् मीठ काऊन टाकलं?"  मग खिडकीशी उभ्या दादाकडं पाहत म्हणाल्या, "यायले आता सांगू नका. यायले पोरीसाठी धावायचं हाय, तुमच्यासंग भांडत बसायचं नाही. पोरगी समजती झाली की तिले सांगा. तुमीच. मी नाही सांगणार."

डाव्या डोळ्यात आधी थेंब चालले, मग मोतीबिंदू आला, मग ऑपरेशन झालं. आता त्या डोळ्यानं तिला समोर माणूस उभा आहे हे कळतं, कोण आहे ते कळत नाही. उजवा डोळा वाचला. गुडघा, घोटा, मग मनगट, असा आजार फिरला. आठवड्याच्या गोळ्या आणि दर पंधरा दिवसांनी घ्यायच्या इंजेक्शननं आवरला. पेशी जिवंत पोचल्या असत्या तर काय कळलं असतं, हे मी बाईंना एकदा एकट्यानं गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, कदाचित त्या अंदाजानंही काही बदललं नसतं. मग म्हणाल्या, डोळ्याचं मात्र वेळेवर आला असता तर बदललं असतं. त्या खरं बोलणाऱ्या बाई आहेत, म्हणून तर मी त्यांना टाळत होतो.

तेव्हापासून एकही तपासणी मी चुकवू दिली नाही. इतका तत्पर झालो, की दादा नातेवाइकांत माझं कौतुक करायचा. भाऊ असावा तर असा, पोरीसाठी लॅब बंद करून येते. वहिनी त्या वेळी उठून आत जायच्या. आणि मी ते कौतुक बसून ऐकायचो, चहा घेत.

पोरगी आता आठवीत आहे. गेलं वर्षभर तिचा एकही सांधा सुजला नाही. मागच्या महिन्यात मी हिवऱ्याला गेलो होतो. दादा बांधावर बसून सांबाराच्या जुड्या बांधत होता, पोरगी त्याला मदत करत होती. बोलता बोलता तो म्हणाला, "हे इंजेक्शन आता बंद करून पाहू काय? पोरगी लय चांगली हाय. तू म्हणशीन तसं करू."

आणि खरं सांगतो, माझी छाती थोडी फुगली. तोंडाशी उत्तरही आलं होतं. काय उत्तर होतं ते मला आठवत नाही, कारण मला कशातलंही उत्तर येतंच. पोरगी जुडी हातात धरून माझ्याकडं पाहत होती, मान थोडी डावीकडं वळवून, उजवा डोळा माझ्यावर लावून. ती तशीच पाहते सगळ्यांकडं. मी दादाला म्हणालो, थांब, आणि तिला म्हणालो, जरा मिरचीत चाल माह्यासंग.

मिरचीच्या सरीत उभं राहून मी तिला सांगितलं. आठ वर्षं मनात घोळवलेलं भाषण होतं, त्यात दोन-तीन ठिकाणी तिला हसू यावं अशीही सोय केली होती. कुल्फीपाशी ती हसली नाही. खाली बसून तिनं मिरचीचं एक पिवळं पान खुडलं.

"म्हणजे त्या मॅडमनं सांगतलं होतं, डोळा दाखवा म्हणून."

"हाव."

"अन् तुमाले मालूम होतं."

"हाव."

पान तिनं बारीक बारीक फाडलं. मी म्हणालो की तुला जे बोलायचं ते बोल, शिव्या दे. ती म्हणाली, "बर्फाचं राहू द्या काका. बर्फ चुकून झाला." मग उठली. "बाबाले सांगा. आत्ताच. नाही तर ते तुमाले विचारून माह्यं इंजेक्शन बंद करतीन."

मी म्हणालो, सांगतो, जरा सवडीनं. ती जागची हलली नाही. माझ्या सवडीची किंमत तिच्याइतकी कुणी मोजली नसेल. आम्ही परत बांधावर आलो, आणि ती बापाच्या शेजारी बसली, उजव्या अंगाला मला ठेवून.

दादा ऐकताना जुड्या बांधत राहिला. मी लॅबमधल्या मुलीपाशी आलो तेव्हा त्याचा हात थांबला, फोनपाशी आलो तेव्हा त्यानं हातातली जुडी खाली ठेवली. मला वाटलं होतं तो उठून मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तुह्या वहिनीले मालूम होतं?"

मी मानेनंच हो म्हटलं.

"म्हंजे मी एकटाच होतो," तो म्हणाला, आणि पुन्हा जुड्या बांधायला लागला. पोरगी त्याला एकेक मूठ सांबार देत होती. मी थोडा वेळ उभा राहिलो, मग बसस्टॉपकडं चालत गेलो. कुणी थांब म्हटलं नाही.

पुढच्या शनिवारी मेहकरला तपासणी होती. दादानं ये म्हटलं नव्हतं, येऊ नको असंही म्हटलं नव्हतं. मी गेलो. त्यानं मला पाहिलं आणि बाकावर थोडं सरकून जागा दिली. आत गेल्यावर मी मागं, भिंतीशी उभा राहिलो. इंजेक्शनचं दादानं स्वतःच विचारलं, अडखळत, पण स्वतः. बाई म्हणाल्या, एवढ्यात बंद नको, आणखी काही महिने पाहू, आणि डोळ्याच्या डॉक्टरांशी बोलून मग दोन इंजेक्शनांमधलं अंतर वाढवू. पुढं काय करायचं ते त्यांनी एका कागदावर सविस्तर लिहून दिलं.

दादानं कागद घेतला. पूर्वी अशा वेळी त्याचा हात आपोआप माझ्याकडं यायचा. या वेळी त्यानं कागद मुलीला दिला. तिनं तो उजव्या डोळ्याजवळ नेला आणि बापाला एकेक ओळ वाचून दाखवायला लागली, मोठ्यानं, सावकाश. दादा प्रत्येक ओळीला 'हाव' म्हणत होता. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या.

एका शब्दाशी ती अडली. मला तो शब्द येत होता. तिनं मान वर केली आणि तो डॉक्टरबाईंना विचारला.